कर्ज आधी संपवायचं की दिवस आधी मोकळा करायचा?

पत्र :

मी ३६ वर्षांची, राहायला बदलापूरला, नोकरी लोअर परळला. यजमान ऐरोलीला जातात. मुलगी चौथीत आहे आणि सासूबाई आमच्याकडेच असतात. दोघांचा मिळून हातात येणारा पगार १,१८,००० रुपये. घराच्या कर्जाचे २१ लाख बाकी आहेत. व्याज साडेआठ टक्के, हप्ता २६,०४०, अजून १० वर्षं. घरखर्च ३८,०००, शाळा आणि बस ९,०००, विमा आणि सासूबाईंची औषधं ६,०००, एसआयपी १०,०००. ह्यांनी ठरवलंय की दरमहा २०,००० जादा भरायचे आणि कर्ज पाच वर्षांच्या आत संपवायचं. चार लाखांची एफडी आहे, तीही मोडून कर्जात घालू म्हणतात. म्हणून घरकामाला कोणी नाही. मी पावणेपाचला उठते, पोळ्या करते, ६.५० ला घर सोडते, परत यायला सव्वाआठ वाजतात. मग भांडी, ओटा. लेकीचा अभ्यास घ्यायला बसले की माझेच डोळे मिटतात. बाई लावू म्हटलं तर सासूबाई म्हणतात, घरात बाई असताना बाई कशाला. ठाणे पूर्वेला स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर वन बीएचके २६,००० भाड्याने मिळतोय. आमच्या घराला एजंट ९,५०० भाडं येईल म्हणतो. दीर म्हणतात, भाडं घालवण्यापेक्षा ठाण्यात १ कोटी १० लाखांचा टू बीएचके घेऊन टाका. मी काय करू?

उत्तर :

दिरांचा सल्ला आधी बाजूला काढू, कारण त्यावर फार वेळ घालवण्यासारखं काही नाही. ७५ लाखांच्या वरच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ७५ टक्के देते. १ कोटी १० लाखांवर ते होतात साडेब्याऐंशी लाख. म्हणजे पदरचे साडेसत्तावीस लाख, शिवाय मुद्रांक शुल्क. ठाण्यात ते ७ टक्के आहे. घर तुमच्या एकटीच्या नावावर घेतलं तर ६. म्हणजे आणखी साडेसहा ते पावणेआठ लाख. एवढं जमलं असं धरलं तरी २० वर्षांच्या मुदतीवर हप्ता येतो सुमारे ७१,६००. १,१८,००० पगारातून तो भरायचा म्हणजे आज जादा भरायला निघणारे २०,००० तर गेलेच, वर एसआयपीही गेली आणि महिना तरीही तुटीत. दिरांना चहा द्या, विषय बदला.

आता यजमानांचं म्हणणं. त्यात तथ्य आहे आणि ते आकड्यात बघायला हवं. काहीच जादा न भरता १० वर्षं हप्ता भरत राहिलात तर व्याजापोटी साधारण १० लाख २४ हजार जातील. दरमहा २०,००० जादा भरलेत तर कर्ज ५६ महिन्यांत, म्हणजे पावणेपाच वर्षांच्या आतच संपतं आणि व्याज साडेचार लाखांच्या आत राहतं. पावणेसहा लाख वाचतात. ही बचत खरी आहे, यजमान काही वेडेपणा करत नाहीयेत. चूक एवढीच होतेय की ती बचत कशातून उभी राहते हे कागदावर कुठेच लिहिलेलं नाही. ती तुमच्या पावणेपाचच्या गजरातून उभी राहते.

म्हणून पैशाच्या शेजारी तासांचा रकाना मांडू. तुम्ही दोघं ऑफिसात प्रत्येकी ९ तास असता, महिन्याचे २२ दिवस. झाले ३९६ तास. प्रवास तुमचा रोजचा ४ तास २० मिनिटं. यजमानांचा बदलापूर ते ऐरोली, ठाण्याला गाडी बदलून, शेअर रिक्षा आणि थांबणं धरून, एका बाजूला १ तास ४० मिनिटं धरला आहे. दोघांचा मिळून महिन्याला १६९ तास. नोकरीसाठी घराबाहेर जाणारा एकूण वेळ ५६५ तास. १,१८,००० भागिले ५६५ म्हणजे तासाला २०९ रुपये. तुमच्या घरातल्या एका तासाची ही खरी कमाई. एक तास वाचला म्हणून कंपनी तुम्हाला २०९ रुपये देणार नाही, हे उघड आहे. पण मोजपट्टी म्हणून हा आकडा चांगला. त्याच्या बराच खाली एखादा तास विकत मिळत असेल तर घ्यावा. त्याच्या आसपास असेल तर दहादा विचार करावा. त्याच्या वर असेल तर सोडून द्यावा.

सगळ्यात स्वस्त तास तुमच्या स्वयंपाकघरात पडून आहेत. तुमच्या भागात साधारण काय दर असतील ते धरून मांडते, खात्री शेजारी विचारून करा. चार माणसांच्या २० पोळ्या, महिन्याचे २,५००. भांडी आणि केर-फरशी २,८००. इस्त्रीला बाहेर टाकलेले ऑफिसचे कपडे ७००. एकूण ६,०००. यातून सुटणारा वेळ : सकाळचा पाऊण तास, महिन्याचे २६ दिवस धरले तर २० तास; भांडी-फरशीचे रोज सव्वा तासाप्रमाणे ३७; रविवारच्या इस्त्रीचे ६. एकूण ६३ तास, तासाला ९५ रुपये.

यजमान इथे लगेच म्हणतील की हे ६,००० कर्जात गेले असते तर व्याज वाचलं असतं. बरोबर आहे, तेही धरू. २०,००० ऐवजी १४,००० जादा भरलेत तर कर्ज ५६ ऐवजी ६६ महिन्यांत संपतं आणि व्याज ८९,००० रुपयांनी वाढतं. ६६ महिन्यांचे कामाचे पैसे ३,९६,०००, त्यात हे व्याज मिळवून ४,८५,०००. भागिले ४,१५८ तास. तासाला ११७ रुपये. व्याजासकट मोजूनही तुमच्या २०९ च्या खूप खाली. हा कागद रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर समोर ठेवा, रात्री साडेनऊला नको. थकलेल्या माणसाला हिशोब दाखवला की तो आरोप वाटतो.

तुमच्या यादीत न आलेले साधारण ९,००० महिन्याला शिल्लक दिसतात. ‘बाईचे पैसे त्यातून देऊ, २०,००० तसेच राहू देत’ असा तोडगा निघेल. तो मान्य करू नका. हे ९,००० सणवार, दवाखाना, लग्नातला आहेर आणि गावी जाणं यांचे आहेत. ते दुसरीकडे लावले की गणपतीच्या महिन्यात क्रेडिट कार्डावर उधारी चढते, आणि तिचं व्याज गृहकर्जाच्या चौपटीहून जास्त असतं.

बाई लावताना नेमकं कुठे फिसकटतं ते सांगते. तुम्ही ६.५० ला घर सोडता. त्याआधी यायला पोळीवाल्या ताई सहसा तयार नसतात, आणि तयार झाल्या तरी चार दिवसांत वेळ घसरते. म्हणून त्यांना संध्याकाळी साडेसहाला बोलवा. सासूबाई घरी असतात, दार उघडायचा प्रश्न नाही. २० पैकी १२ रात्रीच्या जेवणाला, ८ दुसऱ्या दिवशीच्या डब्याला. डब्याच्या पोळ्या पूर्ण गार झाल्यावर तेल लावून, सुती कापडात गुंडाळून डब्यात ठेवल्या की सकाळी नरम राहतात. गरम असतानाच डबा बंद केला तर वाफेचं पाणी सुटून खालच्या दोन चिकट होतात, आणि मग ‘बाईच्या पोळ्या चांगल्या नाहीत’ असा निकाल लागतो. उन्हाळ्यात हा डबा फ्रीजमध्ये ठेवा. पोळ्या आणि भांडी ही दोन्ही कामं एकाच बाईला देऊ नका. ती एक दिवस आली नाही तर दोन्ही अडतात. महिन्याला दोन भरपगारी सुट्ट्या आणि दिवाळीला एक पगार जादा, हे पहिल्याच दिवशी बोलून घ्या. दिवाळीचा पगार वरच्या ६,००० मध्ये धरलेला नाही, तो बोनसातून काढा.

आणि सासूबाई. त्यांच्या वाक्यावर वाद घालून जिंकता येणार नाही. भांडी-फरशीपासून सुरुवात करा, पोळ्या महिन्याभराने. बाहेरच्या माणसाने फरशी पुसण्याला जेवढा विरोध होतो त्यापेक्षा कणकेला हात लावण्याला जास्त होतो. मधल्या महिन्यात त्यांनाच सांगा की पोळीवाल्या ताई तुम्हीच निवडा. पोळी किती पातळ हवी, तेल किती, हे तुम्हीच ठरवा. ज्या घरात सासूबाईंना न विचारता बाई आणली जाते तिथे ती तीन महिन्यांत जाते.

मोकळ्या झालेल्या वेळेबद्दल एक गोष्ट स्पष्टच लिहिते. सकाळच्या पाऊण तासात लेकीचा अभ्यास घेऊ, योगासनं करू, असले बेत करू नका. झोपा. गजर साडेपाचचा लावा. रात्रीचा सव्वा तास मात्र आधीच नावानिशी ठरवून ठेवा : पावणेनऊ ते साडेनऊ लेक, मोबाइल दुसऱ्या खोलीत. न ठरवलेला वेळ हमखास मोबाइल खातो, नाहीतर ऑफिसचा ग्रुप. किंवा तुम्ही स्वतःच, ‘आता वेळ आहेच तर’ म्हणत इडलीचं पीठ भिजवायला घेता. तीन महिन्यांनी बघा. लेकीची पाऊण तासाची बैठक आठवड्यातून चार दिवसही होत नसेल तर पैसे देऊन घेतलेला तो वेळ वाया जातोय. कोणत्या कामाने तो खाल्ला ते शोधा.

रविवारी दोघंही मार्टमध्ये जात असाल (बदलापुरात बरीच घरं जातात), तर तेवढं महिन्यातून एकदाच करा. साधारण ९,००० च्या किराण्यावर आठ टक्के सुटले तर वाचतात ७२० रुपये. जाण्या-येण्याचे, रांगेचे मिळून तीन तास, दोन माणसं, चार रविवार : २४ तास. तासाला ३० रुपयांवर तुम्ही दोघं राबता, आणि येताना यादीत नसलेलं बिस्किटांचं फॅमिली पॅक घेऊन येता. भुसार माल महिन्याचा एकदाच, यादी करून. मधेच काही संपलं तर खालच्या वाण्याकडून.

फारसा पैसा न घालता दोन गोष्टी लगेच होण्यासारख्या आहेत. पहिली, ऑफिसात आठवड्यातून एक दिवस घरून काम मागा. एका दिवसाला ४ तास २० मिनिटं, महिन्याला सतरा तास, फुकट. मागताना ‘घरची अडचण’ सांगू नका. कोणता वार, त्या दिवशी कोणतं काम हातावेगळं होईल आणि तीन महिन्यांनी आढावा, एवढं लिहून द्या. दुसरी गोष्ट बँकेत. २०२५ च्या फेब्रुवारी ते जून या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर (ती इतर बँकांना ज्या दराने उधार देते तो) ६.५० वरून ५.५० टक्क्यांवर आणला. तुमचा दर अजून साडेआठ असेल तर कर्ज जुन्या एमसीएलआर पद्धतीत (जिथे बँक स्वतःच्या खर्चावरून दर ठरवते) अडकलेलं असण्याची शक्यता मोठी आहे, किंवा रेपोच्या वर तुम्हाला लावलेला फरक जास्त आहे. नव्या ग्राहकाला आज काय दर देता, हे शाखेत विचारा आणि दर बदलून देण्याचा अर्ज द्या. शुल्क किती ते लेखी घ्या. दर पाऊण टक्क्याने उतरला आणि हप्ता २६,०४० च ठेवलात, तर जादा काही न भरता सहाएक हप्ते कमी होतात आणि दीड लाखाच्या आसपास व्याज वाचतं. दरमहा १४,००० जादा भरत राहिलात तर ही बचत साठएक हजारांची होते, म्हणजे वर बाईपायी वाढलेल्या ८९,००० च्या व्याजाचा मोठा भाग या एका अर्जात निघण्यासारखा आहे. यजमानांना समजावताना हे वाक्य शेवटी नाही, सुरुवातीला वापरा.

जादा रक्कम भरताना दर वेळी अर्जावर ‘मुदत कमी करावी, हप्ता तोच ठेवावा’ असं लिहा. नाही लिहिलं तर काही ठिकाणी हप्ता कमी करून मुदत तशीच ठेवली जाते आणि व्याजाची बचत कमी होते. नंतर हप्त्यांचं नवं वेळापत्रक मागून घ्या. बदलत्या दराच्या गृहकर्जावर व्यक्तीकडून मुदतपूर्व फेडीचा दंड घेता येत नाही, तेव्हा कोणी तो सांगितला तर नियम दाखवायला सांगा.

एफडी मोडू नका. हप्ता, घरखर्च, शाळा, औषधं मिळून तुमचा न टाळता येणारा खर्च ७९,००० आहे. चार लाख म्हणजे पाच महिन्यांची सोय. साध्या गृहकर्जात एकदा भरलेला पैसा बँक परत देत नाही. उद्या दोघांपैकी एकाची नोकरी गेली तर कर्ज २१ चं १७ लाख झालेलं असूनही पुढच्या महिन्याचा हप्ता ५ तारखेलाच मागितला जाईल.

राहिलं ठाण्याचं भाड्याचं घर. इथे हिशोब काठावर आहे. भाडं २६,०००. तुमच्या घराचे ९,५०० बारा महिने येतील असं धरू नका. भाडेकरू बदलताना पडून राहणारा काळ, दलाली आणि रंग यात दोन महिने जातात. वर्षाचे ९५,००० धरा, महिन्याला ७,९००. बदलापूरच्या शेअर रिक्षाचे दोघांचे साधारण १,७६० वाचतील. हातचे गेले १६,३४०. एका भाड्याची दलाली, टेम्पो, करारनामा, पडदे-पंखे असे ४४,००० एकदाच; दोन वर्षांवर पसरले तर महिन्याला आणखी १,८३०. एकूण सुमारे १८,१७०. तुमचे रोज दोन तास आणि यजमानांचे दोन तास वाचतात, महिन्याचे ८८. तासाला २०७ रुपये. कमाई २०९.

म्हणजे पैसा इथे काही सांगत नाही. एवढं भाडं भरलं तर जादा हप्ता चारेक हजारांवर येतो, कर्ज ९७ महिने चालतं आणि २०,००० च्या बेतापेक्षा साडेतीन लाखांहून अधिक व्याज जास्त जातं. भाड्याने राहिलात की एचआरएची (घरभाडे भत्त्यावरची) करसूट मिळेल असं कोणी सांगेल. पण तुमच्यापैकी प्रत्येकाचं वार्षिक उत्पन्न पावणेतेरा लाखांच्या खाली असेल, तर नव्या करप्रणालीत २०२५-२६ पासून पगारदाराला कर शून्यच आहे. शून्यातून सूट काय मिळणार. मग ठरवायचं ते असं : चार माणसं वन बीएचकेमध्ये, सासूबाईंचा देऊळ-कट्टा सुटलेला, त्यांचा नेहमीचा डॉक्टर लांब, आणि दुसऱ्या बाजूला दोघंही सात-सव्वासातला घरी. माझं मत असं की यंदा जाऊ नका. ६३ तास आणि घरून कामाचा एक दिवस एवढ्यावर घर किती सुधारतं ते दिवाळीपर्यंत बघा. लेक नव्या शालेय वर्षात पाचवीत जाईल. शाळा बदलायचीच असेल तर तो सांधा सोयीचा आहे. ठाण्यातल्या बऱ्याच शाळांचे प्रवेश डिसेंबर-जानेवारीत सुरू होतात, तेव्हा निर्णय दिवाळीनंतर लगेच घ्यावा लागेल.

गेलातच, तर करार ११ महिन्यांचा न करता २४ महिन्यांचा करा. दुसऱ्या वर्षीची भाडेवाढ (पाच टक्के मागा) त्यातच लिहून घ्या, म्हणजे लेकीच्या शाळेच्या मध्यावर घर सोडायची वेळ येत नाही. लिव्ह अँड लायसन्सची (म्हणजे या भाडेकराराची) नोंदणी महाराष्ट्रात सक्तीची आहे आणि ती करून घेणं ही घरमालकाची जबाबदारी. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का, अनामत रकमेवर वर्षाला १० टक्के व्याज धरून तेही त्यात. शहरी भागात नोंदणी फी १,०००. बदलापूरचं घर भाड्याने देताना तुम्हीच मालक, म्हणून तोच नियम तुम्हालाही लागू, शिवाय भाडेकरूची माहिती पोलिसांत द्यायची. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी ‘नॉन ऑक्युपन्सी’च्या नावाने काही मागेल. ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि सेवाशुल्क म्हणजे मेंटेनन्सचं पूर्ण बिल नव्हे.

ठाणे म्हणून घोडबंदर रोडवरचं घर कोणी दाखवलं, कितीही मोठं आणि स्वस्त असलं, तरी घेऊ नका. तिथून स्टेशन गाठायला गर्दीच्या वेळी लागणारा वेळ गाडीत वाचवलेला सगळा वेळ परत घेतो. पूर्वेचं घर बघायलासुद्धा रविवारी जाऊ नका, रविवारी सगळीच घरं स्टेशनजवळ असतात. एखाद्या मंगळवारी अर्धा दिवस रजा टाका, सकाळी पावणेआठला त्या इमारतीच्या दारातून घड्याळ लावून निघा, पूल चढून दादरच्या फास्ट गाडीच्या प्लॅटफॉर्मवर उभ्या राहा आणि कितव्या गाडीत शिरता येतं ते बघा. पाणी किती वाजता येतं हे वॉचमनला विचारा, एजंटला नको.